तोळाभराची गोळी आणि हत्ती

सशाच्या शिकारीस निघतांना वाघाच्या शिकारीची तयारी ठेवावी, असें आपल्याकडील वडीलधारी माणसें सांगत आलीं आहेत. ही म्हण उलटी करून जगणारा एक स्कॉच गृहस्थ विसाव्या शतकाच्या आरंभीं आफ्रिकेंत होऊन गेला. हरणाच्या शिकारीस पुरेशी अशी बारीक नळीची रायफल खांद्यावर टाकून तो हत्तींच्या मागें फिरला, आणि त्याच्या नोंदीप्रमाणें त्यानें एकंदर १,०११ हत्ती मारले. त्यांत माद्या अवघ्या २८, बाकीचे सारे नर. वॉल्टर डॅलरिंपल मेटलंड बेल (१८८०-१९५४) हें त्याचें नांव. युगांडाच्या ईशान्येस असलेल्या कारामोजा प्रांतांत त्याचीं उमेदीचीं वर्षें गेलीं, त्यामुळें शिकारी मंडळींत तो ‘कारामोजो बेल’ याच नांवानें ओळखला जातो.

१९२३ सालीं लंडनांत प्रसिद्ध झालेलें ‘द वाँडरिंग्ज ऑफ ॲन एलिफंट हंटर’, १९४९ सालचें ‘कारामोजो सफारी’ आणि त्याच्या मृत्यूनंतर १९६० सालीं त्याच्या लिखाणांतून जुळवून काढलेलें ‘बेल ऑफ आफ्रिका’ हीं त्याचीं पुस्तकें. बंदुकांचा शौक असलेल्या मंडळींनीं त्यांचें एखाद्या पोथीप्रमाणें पारायण केलें आहे, आणि मोठ्या जनावरास लहान गोळी पुरते कीं नाहीं या एकाच प्रश्नाच्या निकालासाठीं त्यांतील पानें साक्षीदारासारखीं उभीं केलीं आहेत. वाङ्मय म्हणून त्यांचा विचार क्वचितच होतो. तो येथें करावयाचा आहे. परंतु बंदुकीचा प्रश्न बाजूस सारून तो करतां येणार नाहीं, कारण बेलची शैली आणि बेलची रायफल या एकाच स्वभावाच्या दोन खुणा आहेत. प्रथम बोलूं तें पहिल्या पुस्तकाविषयीं. तिन्हींत सरस तेंच आहे.

लहान म्हणजे किती लहान, हें आपल्या मापांनीं समजून घेऊं. बेलची आवडती रायफल माऊझर पद्धतीची, ७ मिलिमीटर व्यासाची. स्पेनच्या सैन्यानें १८९३ सालीं स्वीकारलेली, आणि पुढें बोअर लोकांनीं इंग्रजांवर रोखलेली. लंडनच्या रिग्बी कंपनीनें तीच .२७५ या इंग्रजी नांवानें शिकाऱ्यांस विकली. बेल तींत जी गोळी घाली तिचें वजन १७३ ग्रेन. आपला तोळा १८० ग्रेनांचा. म्हणजे सोनाराच्या तराजूंत टाकली तर ही गोळी तोळ्यासहि किंचित् उणीच भरेल. त्याच काळीं हत्तीसाठीं योग्य मानल्या गेलेल्या .५७७ च्या दुनळींत ७५० ग्रेनांची, म्हणजे चार तोळ्यांहून अधिक वजनाची गोळी असे, आणि ती जड दुनळी वाहून नेण्यास बहुधा एक वेगळा नोकर लागे. त्याहून मागें गेलें तर फ्रेडरिक सेलूस हा प्रसिद्ध शिकारी आपल्या तरुणपणीं, १८७० नंतरच्या वर्षांत, ज्या ‘चार बोअर’ बंदुकीनें हत्ती मारी, तिच्या एकेका गोळ्याचें वजन पाव रत्तल, म्हणजे पावणेदहा तोळ्यांच्या घरांत! ‘चार बोअर’ या शब्दांचा अर्थच मुळीं एका रत्तलांत चार गोळे असा आहे. त्या बंदुकीच्या धक्क्यांनीं आपल्या मज्जातंतूंवर कायमचा परिणाम झाला, अशी तक्रार सेलूसनें पुढें करून ठेविली आहे. १८८४ च्या सुमारास बिनधुराच्या दारूचा शोध लागल्यावर गोळीचा वेग वाढला व वजनाची गरज कमी झाली. तरी सुद्धां दहा तोळ्यांवरून एका तोळ्यावर येण्यास फार थोडे लोक धजले.

बेल धजला, याचें श्रेय त्याच्या अभ्यासास द्यावें लागतें. मारलेल्या हत्तीची कवटी करवतीनें चिरून मेंदू नेमका कोठें असतो हें त्यानें पाहिलें. हत्तीचें मस्तक बाहेरून कितीहि प्रचंड दिसलें तरी त्याचा बराचसा भाग मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या पोकळ हाडाचा असतो. मेंदू मागच्या बाजूस, खालीं, एखाद्या मोठ्या पावाएवढ्या जागेंत दडलेला असतो. त्या जागेपर्यंत कोणत्या कोनांतून कसें पोंचतां येईल, याचीं चित्रें त्यानें स्वतः काढलीं. पाठ करून तिरका चाललेला हत्ती इतर शिकारी सोडून देत; बेलनें त्या बाजूनेंहि मेंदूचा मार्ग शोधून काढला, आणि तो नेम आजहि त्याच्याच नांवानें ओळखला जातो. एवढें झाल्यावर गोळीनें करावयाचें काम तें किती उरलें? सरळ जाणें, न वांकणें, न फुटणें. त्याच्या लांबट, बोथट टोंकाच्या आणि कठीण कवचाच्या गोळीच्या अंगीं नेमके हेच गुण होते. रायफल नोकराच्या हातीं न देतां तो स्वतः वाही, व वाटेंत रिकाम्या नळीनें नेम धरण्याचा सराव अखंड चालू ठेवी. द्रोणाचार्यांच्या परीक्षेंत अर्जुनाला पक्ष्याचा डोळाच तेवढा दिसला, ही कथा आपण लहानपणीं ऐकतों. बेलला हत्ती दिसतच नसे. हत्तीच्या आंतला मेंदू दिसे.

हें वाक्य स्तुतीचें आहे, तसेंच दोषदर्शनाचेंहि आहे. पुस्तकाच्या प्रारंभींच मेंदूवरील नेम आणि शरीरावरील नेम या विषयांवर स्वतंत्र प्रकरणें आहेत. प्रवासवर्णनाचा आरंभ शरीरशास्त्रानें करणारा लेखक विरळाच! त्याच्या रेखाचित्रांत हत्ती जणुं कांचेचा असावा तसा पारदर्शक होतो, आणि आंत मेंदूची व हृदयाची जागा दाखविलेली असते. गद्यहि त्याच जातीचें आहे. तें कोरडें आणि मोजकें आहे. सुरुवात केली कीं शेवटाकडे सरळ जातें. एकेका नर हत्तीमागें सरासरी ७३ मैल चालावें लागलें, हा हिशेब तो अशा सहजपणें देतो कीं पेढीवरील जुन्या कारकुनाची रोजकीर्द वाचीत असल्याचा भास व्हावा. पुष्कळांना ही शैली रुक्ष वाटेल. आम्हांस मात्र ती त्या काळच्या सामान्य इंग्रजी शिकारकथांहून पुष्कळ वरच्या दर्जाची वाटते. त्या कथांत जनावर मरण्यापूर्वीं लेखकाचें शौर्य दोन-चार पानें गर्जत असतें, आणि जनावर मेल्यावर त्याच्या लांबीचीं मापें घेण्यांत आणखी दोन पानें जातात. बेल सुळ्यांचीं वजनें सांगतो, कारण तो त्याचा धंदा होता. स्वतःच्या छातीचें माप तो सांगत नाहीं.

या कोरड्या कीर्दींत एक माणूस मात्र सजीव उभा राहतो. बुकोरा भागांत बेलला येऊन मिळालेला पिजाले नांवाचा तरुण वाटाड्या हाच तो. गोऱ्या शिकाऱ्यांच्या पुस्तकांतून काळ्या वाटाड्याला बहुधा नांवहि नसतें; तो ‘माझा माग काढणारा’ एवढाच असतो, आणि पळून जाण्यापुरता किंवा प्राण वांचविण्यापुरता पानावर येतो. पिजालेला नांव आहे, चाल आहे, स्वतःचीं मतें आहेत, आणि हत्तींच्या वागणुकीविषयीं त्याचें ज्ञान आपल्याहून खोल आहे हें बेल विनासंकोच मान्य करतो. हत्तींची खबर आणणाऱ्यास गाय बक्षीस देण्याची प्रथा बेलनें पाडली. गोधनालाच सर्वस्व मानणाऱ्या त्या लोकांत या एका गोष्टीनें त्याचें जें वजन वाढलें, तें चार तोळ्यांच्या गोळीनें खचित वाढलें नसतें. काळाचे व वर्णाचे पूर्वग्रह त्याच्या लेखणीलाहि सुटलेले नाहींत. परंतु पिजालेविषयीं लिहितांना ती लेखणी सैल होते, थोडी हंसतेहि. हीं पानें वाचल्यावर वाटतें, या माणसाला पाहतां येत होतें. हत्तीच्या बाबतींतच त्यानें पाहावयाचें नाहीं असें ठरविलें होतें कीं काय?

आतां बंदुकीच्या वादाकडे वळूं. बेलच्या विरुद्ध पक्षाचा सर्वांत व्यासंगी वकील म्हणजे जॉन टेलर. मोझांबिकांत दीर्घ काळ शिकार केलेल्या या आयरिश मनुष्यानें १९४८ सालीं ‘आफ्रिकन रायफल्स अँड कार्ट्रिजेस’ हा ग्रंथ लिहिला व गोळीच्या आघाताचें एक गणित मांडलें. गोळीचें वजन ग्रेनांत, वेग सेकंदाला फुटांत व व्यास इंचांत घ्यावा, तिघांचा गुणाकार करावा, आणि त्यास सात हजारांनीं भागावें. या रीतीनें .५७७ चा आंकडा सव्वाशेच्या वर जातो. बेलच्या रायफलीचा जेमतेम सोळा भरतो. टेलरचा मुद्दा असा कीं, मेंदू थोडक्यानें हुकला तरी जड गोळीच्या नुसत्या धक्क्यानें हत्ती कांहीं वेळ बेशुद्ध पडतो व दुसरी गोळी घालण्यास अवसर मिळतो; हलक्या गोळीनें हा अवसर मिळत नाहीं. बेलचें उत्तर असें कीं, भलत्याच जागीं लागलेली गोळी मोठी असो वा लहान, ती हत्ती मारीत नाहीं.

दोघेहि आपापल्या परीनें खरें बोलतात, असें म्हणून समीक्षकास सुटतां आलें असतें. परंतु येथें एक गोष्ट वादविवादाच्या धुरळ्यांत नेहमीं हरवते. ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री सर एडवर्ड ग्रे यांचा भाऊ जॉर्ज ग्रे १९११ सालीं नैरोबीजवळच्या अथी पठारावर सिंहाच्या हल्ल्यांत घायाळ झाला व लवकरच मरण पावला. त्याच्या हातांत .२८० रॉस ही रायफल होती. नळीचा व्यास पाहिला तर ती बेलच्या रायफलीची सख्खी बहीण, आणि वेग तर तिच्याहून कितीतरी अधिक, सेकंदाला सुमारें तीन हजार फूट. पण तिची हलकी, मऊ गोळी सिंहाच्या स्नायूंतच फुटून विखुरली. आंतपर्यंत पोंचली नाहीं. एकाच व्यासाच्या दोन नळ्या; एकीनें शेंकडों हत्ती पडले, दुसरीच्या मालकास सिंहानें मारलें. तेव्हां व्यास हा प्रश्नच गौण होता. गोळीची घडण व गोळीचा मार्ग हे प्रश्न मुख्य होते. बेल हें जाणून होता, त्याच्या भक्तांनीं तें जाणलें नाहीं. गुरूच्या हातांतली काठी उचलली म्हणजे गुरूची विद्या येते, ही समजूत शिकाऱ्यांपुरतीच मर्यादित नाहीं म्हणा! आज आफ्रिकेंतील बहुतेक देशांचा कायदा हत्तीसारख्या जनावरावर साधारणतः .३७५ च्या खालील नळी चालवूं देत नाहीं, आणि तें योग्यच आहे. कायदा एका बेलसाठीं करावयाचा नसतो. तो उरलेल्या हजारांसाठीं असतो.

शिवाय बेलची साक्ष ही वांचलेल्याची साक्ष आहे. बारीक नळी घेऊन गेलेले आणि परत न आलेले लोक पुस्तकें लिहीत नाहींत. आणि १,०११ हा आंकडा पडलेल्यांचा आहे. जखमी होऊन झाडींत निघून गेलेले किती, याचा असा लखलखीत आंकडा कीर्दीच्या त्या पानावर झळकत नाहीं. बेल स्वभावानें प्रामाणिक लेखक आहे. पण जमेची बाजू ठळक आणि नांवेंची बाजू पुसट, अशी कीर्द कोणत्याहि पेढीवर संशयाला जागा देते.

एवढ्यावर थांबलें तर आमचा आक्षेप शिकाऱ्यांच्या घरगुती भांडणापुरताच राहील. खरा आक्षेप याहून निराळा आहे, आणि तो बेलनें स्वतःच दिलेल्या माहितींतून निघतो. तो सांगतो कीं, मेंदूंत गोळी बसलेला हत्ती जागच्या जागीं शांतपणें बसतो, आणि शेजारचे हत्ती बिचकत नाहींत. जड बंदुकीचा गडगडाट झाला म्हणजे कळप उधळतो. बारीक रायफलीचा आवाज कोरडा व आंखूड, त्यानें कळपाला संकटाची जाणीव उशिरां होते. म्हणजे पहा, जिला दयेची रायफल म्हणून नांवाजावें, वेदना न होऊं देणारी म्हणून जिची तारीफ करावी, तिच्यामुळेंच एका ठिकाणीं एकामागून एक अनेक हत्ती पाडतां येऊं लागले. एकट्या हत्तीच्या दृष्टीनें पाहिलें तर बेलची गोळी खरोखर दयाळू: क्षणांत अंधार. सेलूसच्या काळचा हत्ती दहा तोळ्यांचे गोळे अंगावर झेलीत तासन् तास तडफडे. तसें येथें नाहीं. पण कळपाच्या दृष्टीनें पाहिलें तर ती जुनी, धूर ओकणारी, खांदा मोडणारी बंदूकच अधिक दयाळू ठरते, कारण तिच्या पहिल्या आवाजाबरोबर उरलेल्यांस पळावयास मिळे. कौशल्य वाढलें, क्रौर्य कमी झालें, आणि संहार वाढला. या तिन्ही गोष्टी एकाच वेळीं घडल्या. हें कोडें बेलच्या पुस्तकांत पानोपानीं हजर असून लेखकाला तें दिसत नाहीं. आणि त्याची शैली इतकी स्वच्छ नसती तर कदाचित् आपल्यालाहि दिसलें नसतें.

जिवंत हत्ती लाखाचा, मेला तर सव्वा लाखाचा, असें आपण बोलून जातों. बेलच्या काळीं हा सव्वा लाख पियानोच्या पट्ट्यांत आणि बिलियर्डच्या गोळ्यांत मोजला जात होता. बेल्जमच्या लिओपोल्ड राजाच्या ताब्यांतील लाडो हा मुलूख त्याच्या मृत्यूनंतर, १९१० सालीं, सुदानकडे आला. त्या संधिकाळांत हस्तिदंताच्या लोभानें जी झुंबड तेथें उडाली तिच्या मानानें बेल हा संयमी व पद्धतशीर मनुष्य होता, हें न्यायाला धरून सांगितलें पाहिजे. माद्यांस तो शक्यतों वगळी. आफ्रिकेंतील हत्तींच्या ऱ्हासाचें खापर त्याच्या एकट्याच्या माथीं फोडणें पोरकटपणाचें होईल. तथापि १९८९ सालीं हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालण्याचें ठरलें, आणि २०२१ सालीं आफ्रिकेच्या माळावरील हत्ती संकटग्रस्त व घनदाट रानांतील हत्ती अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदले गेले, हें ठाऊक असलेल्या वाचकाला १,०११ हा आंकडा १९२३ च्या वाचकाप्रमाणें वाचतां येत नाहीं. पुस्तक तेंच, अक्षरें तींच. आंकड्याचा रंग मात्र बदलला.

येथें एका दुसऱ्या .२७५ रिग्बीची आठवण होणें अपरिहार्य आहे. चंपावतच्या वाघिणीनें ४३६ माणसें मारल्याचा हिशेब जिम कॉर्बेट देतो. तिला त्यानें १९०७ सालीं मारलें, आणि त्या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनीं त्याला ही रायफल भेट दिली. १९२६ च्या मे महिन्यांत रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबळ्या याच रायफलीनें पडला. चौगढच्या वाघिणीची गोष्ट तर सर्वांस ठाऊक आहे. डाव्या हातांत रातव्या पक्ष्याचीं अंडीं, उजव्या हातांत रायफल, आणि अवघ्या आठ फुटांवर वाघीण! जड दुनळी अशी एका हातानें हळूहळू वळवितां येती ना. ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं’ हें पुस्तक १९४४ सालीं प्रथम छापलें गेलें तें आपल्या मुंबईंत, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडून. त्यामुळें मराठी घरांतून तें लवकर पोंचलें, आणि बेल मात्र आपल्याकडे जवळजवळ अपरिचित राहिला.

दोघांची तुलना कॉर्बेटच्या पारड्यांत पडावी, यांत नवल नाहीं. पण ती कां पडते हें नीट पाहावें. कॉर्बेटनें थोडीं जनावरें मारलीं म्हणून नव्हे. पवलगढचा तो प्रचंड वाघ नरभक्षक नव्हता, तरी कॉर्बेटनें तो मारलाच, आणि त्या कथेंतील उत्साह आज थोडा खटकतो. फरक नजरेचा आहे. कॉर्बेटच्या पानांवर वाघीण म्हातारी असते, तिचे दांत मोडलेले असतात, पायांत साळिंदराचे कांटे रुतलेले असतात. ती माणूस कां खाऊं लागली याला कारण असतें, म्हणजेच तिला चरित्र असतें. बेलच्या हत्तींना वजन असतें, वय असतें, सुळे असतात, पण चरित्र नसतें. एकाच कारखान्याची, एकाच व्यासाची रायफल. एकानें तिच्या टोंकाशीं एक जीव पाहिला, दुसऱ्यानें एक बिंदु. कॉर्बेट वाचतांना आपण भितों व हळहळतों. बेल वाचतांना आपण थक्क होतों, आणि थोड्या वेळानें आपण कशानें थक्क झालों याचीच शंका येऊं लागते. ही शंका निर्माण करणें हेंहि पुस्तकाचें एक मोल आहे, जरी लेखकाचा तसा हेतु नसला तरी.

आपल्या देशांत १९७२ च्या कायद्यानें वन्य पशूंच्या शिकारीचा प्रश्न निकालांत निघाला आहे, तेव्हां बेलच्या बंदूकविषयक उपदेशाचा मराठी वाचकास व्यवहारांत उपयोग नाहीं, हें एक परीनें बरेंच झालें. भाषांतरकारास मात्र येथें चांगलें काम आहे. ‘कारामोजो सफारी’ हें पुस्तक उतारवयांत लिहिलेलें. पहिल्या पुस्तकांतील तेच प्रदेश त्यांत पुन्हा येतात, पण पहिल्याचा घट्टपणा त्यांत नाहीं. ‘बेल ऑफ आफ्रिका’ मधील बालपणाचा भाग वाचनीय आहे, उरलेलें अभ्यासकांसाठीं. भाषांतर करावयाचें तर पहिल्याचेंच करावें, आणि तें बेलच्या स्वतःच्या चित्रांसह छापावें. चित्रांवांचून त्या पुस्तकाचा अर्धा अर्थ नाहींसा होतो. वाचकानें प्रथम कारामोजाचीं व पिजालेचीं प्रकरणें वाचावीं, मग मेंदूवरील नेमाचें. रायफलींवरील प्रकरण सर्वांत शेवटीं घ्यावें, आणि कंटाळा आल्यास सोडून द्यावें.